बेट, घाट आणि वेस : महामारीतील प्रवेश-तपासणीचे नियम व जुन्नर–आंबेगावचा अनुभव

प्रस्तावना

महामारीच्या काळात बाहेरून येणाऱ्या माणसाला कोणत्या अटींवर आत घ्यावे, हा प्रश्न जितका वैद्यकशास्त्राचा आहे तितकाच तो भूगोलाचा, कायद्याचा आणि समाजव्यवहाराचाही आहे. २०२० व २०२१ या दोन वर्षांत हा प्रश्न आंतरराष्ट्रीय विमानतळापासून खेड्याच्या वेशीपर्यंत प्रत्येक पायरीवर उपस्थित झाला. त्याला दिलेली उत्तरे मात्र पायरीगणिक निराळी होती. विमानतळावर थर्मल स्कॅनर होता, जिल्ह्याच्या हद्दीवर ई-पास होता, आणि गावाच्या वेशीवर बाभळीच्या फांद्या व ‘बाहेरच्यांना प्रवेश बंद’ असा हाताने लिहिलेला फलक होता.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांच्या संदर्भात या तपासणीचे नियम कसे घडले, त्यांमागील गृहीतके कोणती होती आणि ती या भूप्रदेशात कितपत टिकली, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. या दोन तालुक्यांची निवड केवळ सोयीची नाही. येथील हजारो कुटुंबांचे एक घर गावात व दुसरे मुंबईत आहे. मुंबईचे डबेवाले प्रामुख्याने मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर व लगतच्या तालुक्यांतून आलेले आहेत. वाशीच्या घाऊक बाजारातील माथाडी कामगार व भाजीपाल्याचे व्यापारी यांतही या भागातील माणसांचा भरणा मोठा आहे. म्हणजे ज्याला नाक्यावर ‘बाहेरून आलेला’ म्हणून अडवावयाचे, तो बहुधा गावच्या मतदारयादीतला, सातबाऱ्यावर नाव असलेला आणि यात्रेची वर्गणी देणारा माणूस होता.

तपासणीने काय सापडते

प्रवेश-तपासणीचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतात. पहिला लक्षणांवर आधारलेला, म्हणजे ताप मोजणे व खोकल्याची विचारपूस करणे. दुसरा कागदावर आधारलेला, म्हणजे प्रमाणपत्र, पास किंवा चाचणीचा अहवाल पाहणे. तिसरा काळावर आधारलेला, म्हणजे आलेल्या व्यक्तीस ठराविक दिवस वेगळे ठेवणे. व्यवहारात हे तिन्ही एकत्र वापरले गेले. परंतु त्यांची रोग अडविण्याची क्षमता समान नाही, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

ताप मोजण्याची मर्यादा रोगाच्या स्वभावातच असते. २०२० मधील कोरोना विषाणूच्या संसर्गानंतर लक्षणे दिसण्यास सरासरी पाच ते सहा दिवस लागत व ही मुदत चौदा दिवसांपर्यंत लांबू शके. त्यातही लक्षणे दिसण्यापूर्वीच्या एक-दोन दिवसांत माणूस इतरांस संसर्ग देऊ शकत असे. काहींना तर लक्षणे कधीच दिसत नसत. लंडनमधील संशोधकांच्या एका गटाने फेब्रुवारी २०२० मध्ये गणिती प्रारूपाच्या आधारे असा अंदाज मांडला होता की, निघताना व पोहोचल्यावर अशी दोनदा तापमान-तपासणी केली तरी लांबच्या विमानप्रवासातील १०० बाधितांपैकी सुमारे ४६ निसटतील. मुंबई ते नारायणगाव हा प्रवास रस्त्याने काही तासांचा. इतक्या अल्प अवधीत लक्षणे प्रकट होण्यास वावच नसतो, म्हणून येथे निसटणाऱ्यांचे प्रमाण अधिकच असणार.

याची दुसरी बाजू एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समजा, एका नाक्यावरून दिवसभरात १००० माणसे गेली व त्यांपैकी ५ बाधित आहेत. तापमापकाने त्यांतील २ पकडले. उरलेल्या ९९५ निरोगी माणसांपैकी केवळ ३ टक्क्यांचे तापमान उन्हामुळे, थकव्यामुळे वा अन्य आजारामुळे वाढलेले दिसले, तरी सुमारे ३० जण अडविले जातील. म्हणजे थांबविलेल्या ३२ जणांत खरे बाधित दोन आणि पुढे सोडलेल्यांत बाधित तीन. मे महिन्याच्या दुपारी डांबरी रस्त्यावर उभ्या असलेल्या शिपायाच्या हातातील इन्फ्रारेड तापमापकाकडून यापेक्षा बरी अपेक्षा ठेवणे शास्त्राला धरून होत नाही. सार्सच्या साथीत, २००३ मध्ये, कॅनडाने विमानतळांवर सुमारे ६५ लाख प्रवाशांची तपासणी केली. सुमारे ९१०० जणांना पुढील तपासणीसाठी पाठविण्यात आले, आणि त्यांत सार्सचा एकही रुग्ण आढळला नाही.

महाराष्ट्राचा अनुभवही याहून निराळा नव्हता. चीनहून येणाऱ्या प्रवाशांची तपासणी मुंबई विमानतळावर जानेवारी २०२० च्या मध्यास सुरू झाली होती. राज्यातील पहिल्या रुग्णांचे निदान ९ मार्च २०२० रोजी पुण्यात झाले व ते दुबईहून परतलेले दांपत्य होते. तपासणीचे लक्ष एका दिशेला असताना रोग दुसऱ्या दिशेने आला. त्यानंतर आठवडाभरात विदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर, मतदानाची शाई वापरून, घरीच विलगीकरणात राहण्याचा शिक्का मारण्याचा निर्णय राज्याने घेतला. या शिक्क्यास रोगनिदानाचे साधन म्हणता येणार नाही. तो शेजाऱ्यांसाठी व सहप्रवाशांसाठी केलेली खूण होता.

१८९७ चा पूर्वानुभव

हे सर्व नवे होते असा समज असल्यास तो दूर करणे योग्य ठरेल. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे निदान केले. पुढील काही महिन्यांत सुमारे सव्वाआठ लाख वस्तीच्या त्या शहरातून लाखो माणसे बाहेर पडली. त्यांतील मोठा भाग घाटावरच्या गावांकडे वळला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम अमलात आला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याने रेल्वेने वा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा आणि संशयितांना रुग्णालयात किंवा तात्पुरत्या निवाऱ्यात वेगळे ठेवण्याचा अधिकार शासनास दिला.

त्यानुसार कल्याणसारख्या स्थानकांवर गाड्या थांबवून प्रवाशांना फलाटावर उतरविले जाई. अंगात ताप आहे काय, काखेत वा जांघेत गाठ आहे काय, हे हाताने चाचपून पाहिले जाई. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांच्या वाट्याला ही तपासणी अधिक कठोरपणे येई. स्त्रियांच्या तपासणीवरून उसळलेला क्षोभ आणि पुण्यात घरझडतीच्या काळात झालेले प्रकार सर्वपरिचित आहेत. त्याची परिणती २२ जून १८९७ रोजी प्लेग समितीचे अध्यक्ष रँड यांच्यावरील गोळीबारात झाली. त्याच वर्षी १० मार्च रोजी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले, हेही येथे स्मरणात ठेवावे. साथीशी झुंजणारे आणि साथीच्या नावाने झडती घेणारे, अशी दोन्ही रूपे एकाच शहराने एकाच ऋतूत पाहिली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब निराळी आहे. प्लेग उंदरांच्या पिसवांमार्फत पसरतो हे फ्रेंच वैद्य पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीतील प्रयोगातून दाखविले, आणि ते मान्य होण्यास आणखी काही वर्षे गेली. तोवर फलाटावर माणसांच्या काखा तपासल्या जात होत्या व त्याच रुळांवरून धान्याची पोती, त्यांतील उंदीर आणि पिसवा बिनबोभाट पुढे जात होत्या. माणूस अडविला गेला आणि माल सोडला गेला.

२०२० मध्ये मालापासून रोगाचा धोका फारसा नव्हता. मात्र मालासोबत माणूस होता. नारायणगावचा टोमॅटो, ओतूर व मंचरचा कांदा-भाजीपाला वाशीच्या बाजारात पोहोचणे आवश्यकच होते व म्हणून मालवाहतुकीस सूट होती. ही सूट योग्यच होती. ती नसती तर शहर उपाशी राहिले असते व शेतकरी बुडाला असता. परंतु वाशीचा बाजार स्वतःच संसर्गाचे केंद्र बनल्याने मे २०२० मध्ये तो सुमारे आठवडाभर बंद ठेवावा लागला. त्या बाजारातून दररोज पहाटे परतणारा चालक व हमाल हा कोणत्याही ई-पासच्या आकडेवारीत ‘प्रवासी’ म्हणून मोजला जात नव्हता. प्रवेश-तपासणीच्या नियमांतील हे भगदाड अपरिहार्य होते. त्यावर उपाय म्हणून या माणसांची नियमित चाचणी करणे व त्यांना गावाबाहेर राहण्याची सोय करून देणे शक्य होते. या उपायाचा विचार नियमांच्या चौकटीत पुरेसा झाला नाही असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

बेटाचा नियम

प्रवेश-तपासणी कोठेच यशस्वी होत नाही असे मात्र नाही. भारतातच तिचे एक ठळक उदाहरण आहे. लक्षद्वीपच्या दहा वस्तीच्या बेटांवर २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६४ हजार माणसे राहतात. मुख्य भूमीशी त्यांचा संबंध प्रामुख्याने कोची येथून सुटणाऱ्या जहाजांद्वारे व अगत्ती बेटावरील विमानतळाद्वारे येतो. २०२० मध्ये तेथील प्रशासनाने बेटांवर जाऊ इच्छिणाऱ्यांना कोचीतच विलगीकरणात ठेवले, चाचणी निगेटिव्ह आल्यावरच पुढे जाऊ दिले व बेटावर उतरल्यानंतरही निरीक्षणाखाली ठेवले. संपूर्ण २०२० या वर्षात लक्षद्वीपमध्ये एकही रुग्ण नोंदला गेला नाही.

डिसेंबर २०२० च्या अखेरीस हा नियम बदलण्यात आला. कोचीतील विलगीकरण वगळून प्रवासापूर्वी ४८ तासांतील निगेटिव्ह चाचणी अहवाल पुरेसा मानण्यात आला. १८ जानेवारी २०२१ रोजी पहिल्या रुग्णाची नोंद झाली आणि मे २०२१ अखेरपर्यंत रुग्णसंख्या हजारांत गेली. अर्थात, दुसऱ्या लाटेचा विषाणू अधिक वेगाने पसरणारा होता. तेव्हा सर्व वाढीचे खापर एका नियमबदलावर फोडणे योग्य होणार नाही. तरीही या उदाहरणातून तिसरा प्रकार पहिल्या दोहोंपेक्षा किती वरचढ आहे, हे दिसून येते. कागदावरील निगेटिव्ह अहवाल हा चाचणीच्या क्षणापुरता असतो. विलगीकरणाचे दिवस रोगाच्या संपूर्ण अधिशयन काळाला व्यापतात.

लक्षद्वीपच्या यशाची कारणे पाहिली असता तीन गोष्टी आढळतात. दरवाजे मोजके होते. तपासणी निघण्याच्या ठिकाणी होत होती. आणि थांबविलेल्या माणसाच्या राहण्या-जेवणाची व्यवस्था करणारी यंत्रणा होती. न्यूझीलंडनेही एप्रिल २०२० पासून परतणाऱ्या नागरिकांना शासकीय देखरेखीखाली चौदा दिवस हॉटेलांत ठेवले, तेव्हा त्यामागे हेच तत्त्व होते. बेटाला समुद्राचा फायदा मिळतो. हा फायदा नसलेल्या ठिकाणी बेटाचा नियम लावला तर काय होते, हे पाहण्यासाठी आता सह्याद्रीच्या माथ्यावर यावे लागेल.

घाट, फाटे आणि जिल्ह्याची रेषा

जुन्नर हे मुळातच वाटांचे गाव आहे. कोकणातील बंदरांकडून येणारा व्यापार सातवाहन काळात नाणेघाटाने वर चढून जुन्नरला येत असे. घाटाच्या लेण्यातील नागनिकेचा लेख व घाटमाथ्यावरील दगडी रांजण आजही उभे आहेत. त्या रांजणात जकात गोळा केली जाई असे लोकपरंपरा सांगते. परंपरेचा अर्थ इतकाच घ्यावा की, या घाटात येणाऱ्या-जाणाऱ्याची दखल घेणारी चौकी असावी हे लोकांना नैसर्गिक वाटत आले आहे.

आजची स्थिती पाहता कल्याणकडून माळशेज घाटाने येणारा महामार्ग ओतूरवरून आळेफाट्यास पोहोचतो व तेथे पुणे–नाशिक महामार्गास छेदतो. हाच पुणे–नाशिक मार्ग दक्षिणेस नारायणगाव, मंचर असा खेड तालुक्यात उतरतो. घोडेगाव हे आंबेगाव तालुक्याचे मुख्यालय या महामार्गापासून पश्चिमेस आहे व तेथून रस्ता डिंभे धरणाच्या कडेने आदिवासी पट्ट्यात जातो. याशिवाय भीमाशंकर, आहुपे, दाऱ्या, नाणेघाट अशा पायवाटांनी घाटाखालचा मुरबाड व कर्जत भाग वरच्या गावांशी जोडलेला आहे. महादेव कोळी व ठाकर समाजातील कुटुंबांच्या सोयरिकी घाटाच्या वर व खाली दोन्हीकडे असतात. या वाटांवर नाका बसविणे शक्य नाही व बसविला तरी तो निरर्थक ठरेल. दरवाजे मोजके असावेत ही बेटाची पहिली अट येथेच कोलमडते.

२३ मार्च २०२० रोजी राज्यात संचारबंदी जाहीर झाली व जिल्ह्यांच्या सीमा बंद करण्यात आल्या. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. त्या दिवशी गुढीपाडवा होता. या तालुक्यांतील माणसाला या तिथीचा अर्थ सांगावा लागत नाही. पाडव्यानंतर गावोगावच्या यात्रांचा हंगाम सुरू होतो, नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्यांवर सुपाऱ्या ठरतात आणि मुंबईकर मंडळी गावी येऊ लागतात. म्हणजे सीमा नेमक्या त्याच आठवड्यात बंद झाल्या, जेव्हा या दोन तालुक्यांकडे येणारी वर्षातील सर्वांत मोठी वर्दळ सुरू व्हावयाची होती. काहीजण त्यापूर्वीच येऊन पोहोचले होते. डबेवाल्यांचे काम मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात थांबले व त्यांपैकी अनेकांनी गावची वाट धरली. उरलेले दहा बाय दहाच्या खोल्यांत अडकून पडले.

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २९ एप्रिल २०२० च्या आदेशाने अडकलेल्यांना प्रवासाची मुभा मिळाली. त्यासाठी पोलिसांच्या संकेतस्थळावर अर्ज करून, फ्लूसदृश लक्षणे नसल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून ई-पास मिळवावा लागे. येथे नियमाने स्वतःच्याच हेतूला छेद दिला. प्रमाणपत्रासाठी दवाखान्यांपुढे रांगा लागल्या. निरोगी माणसास संसर्ग होण्याची जागा म्हणून दाटीवाटीच्या वस्तीतील दवाखान्याच्या रांगेपेक्षा अधिक अनुकूल जागा सापडणे कठीण. शिवाय ज्याच्याजवळ स्मार्टफोन, वाहन व कागदपत्रे अपलोड करण्याचे ज्ञान होते त्याला पास मिळे. ज्याच्याजवळ यांपैकी काही नव्हते तो टेम्पोत ताडपत्रीखाली बसून किंवा पायी निघे व कोणत्याही यादीत येत नसे. जो नोंदला जावा अशी यंत्रणेची सर्वाधिक गरज होती, तोच नोंदीबाहेर राहिला.

जिल्ह्याची सीमा हीच रोगाची सीमा मानण्यातील अडचण या तालुक्यांत फार स्पष्ट दिसते. ३१ मे २०२० च्या आदेशानंतर जिल्ह्यांतर्गत प्रवास मोकळा झाला, पण जिल्ह्याबाहेर जाण्यास परवानगी लागत राहिली. परिणामी पुणे व पिंपरी-चिंचवड ही मोठी संसर्गग्रस्त शहरे मंचरसाठी ‘आतली’ ठरली, तर आळेफाट्यापुढील संगमनेर तालुका किंवा बेल्ह्यालगतचा पारनेर तालुका ‘बाहेरचा’ ठरला. बेल्ह्याच्या आठवडे बाजाराला येणारा पारनेरचा शेतकरी बैल घेऊन शेजारच्या गावी येत असतो. महसुली नकाशावर मात्र तो परजिल्ह्यातील प्रवासी असतो. ब्रिटिश काळापासून वसुलीच्या सोयीने आखलेल्या रेषेवर आरोग्याचा नाका बसविला गेला, असे म्हणता येईल. बाजार, दवाखाना व सोयरीक यांचा प्रत्यक्ष व्यवहार कोणत्या परिघात होतो, हे पाहून नाक्याची जागा ठरविली असती तर ती निश्चितच निराळी आली असती.

केंद्राच्या २९ जुलै २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत राज्यांतर्गत व आंतरराज्य प्रवासाला स्वतंत्र परवानगीची गरज नसल्याचे नमूद होते. तरीही महाराष्ट्रात ई-पास २ सप्टेंबरपर्यंत चालू राहिला. त्यातही २० ऑगस्टपासून एस.टी.ची आंतरजिल्हा सेवा सुरू झाली व तिच्या प्रवाशांना पासची अट नव्हती. म्हणजे जवळपास दोन आठवडे स्वतःच्या मोटारीत एकट्याने येणाऱ्यास पास आवश्यक होता आणि बसमध्ये इतरांसह येणाऱ्यास नव्हता. आरोग्याच्या निकषावर या भेदाचे समर्थन होऊ शकत नाही. त्याचे स्पष्टीकरण प्रशासकीय सोयीतच शोधावे लागते. २३ एप्रिल २०२१ पासून ई-पास पुन्हा आला तेव्हा खासगी बसच्या प्रवाशांच्या हातावर चौदा दिवसांच्या विलगीकरणाचा शिक्का मारण्याची जबाबदारी बसचालक कंपन्यांवर टाकण्यात आली. जूनमधील पाचस्तरीय निर्बंधांनंतर ती अट बहुतांश जिल्ह्यांतून गेली.

वेशीवरचे चौदा दिवस

नाक्याची मर्यादा अशी असली तरी या दोन तालुक्यांत प्रवेश-तपासणी पूर्णतः निष्फळ ठरली, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. तिचे खरे काम हद्दीवर झाले नाही, ते गावात झाले. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्या यांच्या दक्षता समित्यांनी आलेल्यांची नोंद ठेवली. जिल्हा परिषदेच्या रिकाम्या शाळा विलगीकरणासाठी वापरल्या गेल्या. कोण कोणत्या रात्री आले, कोणाच्या घरी उतरले, हे खेड्यात सकाळच्या दुधाच्या वेळेपर्यंत सर्वांना ठाऊक होते. कोणत्याही ॲपपेक्षा ही माहिती जलद व अचूक होती. लक्षद्वीपने कोचीत जे केले तेच, म्हणजे काळावर आधारलेली तपासणी, येथे शाळेच्या वर्गखोलीत झाली.

परंतु हीच जवळीक दुधारी होती. जी माहिती आशा कार्यकर्तीला उपयोगी पडली तीच बहिष्कारालाही उपयोगी पडली. ज्या वर्गखोल्यांत चौदा दिवस काढावयाचे, त्यांपैकी अनेकींमध्ये रात्री वापरता येईल असे स्वच्छतागृह नव्हते आणि स्त्रियांसाठी स्वतंत्र व्यवस्था नव्हती. जेवणाचा डबा घरून येई. ज्याचे घर गावात मोठे, त्याला शेतातल्या खोलीवर राहता येई. ज्याची एकच खोली, त्याला शाळा. प्लेगच्या काळात गाव सोडून शिवारात झोपड्या बांधून राहण्याची रीत घाटावरील अनेक गावांत होती. तेव्हा अवघे गाव बाहेर जाई, त्यामुळे बाहेर राहणे ही नामुष्की मानली जात नसे. २०२० मध्ये मात्र एकेका कुटुंबास वेगळे काढले गेले आणि त्यामुळे विलगीकरणाला शिक्षेचे रूप आले. शिक्षा वाटल्यावर माणूस लपतो, आणि लपला की तपासणीचा पायाच ढासळतो.

गावबंदीच्या वैधतेचाही विचार येथे करणे भाग आहे. सार्वजनिक आरोग्य हे ग्रामपंचायतीचे कर्तव्य असले तरी सार्वजनिक रस्ता बंद करण्याचा अधिकार त्यातून निर्माण होत नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ३४ अन्वये वाहतूक व प्रवेश नियंत्रित करण्याचा अधिकार जिल्हा प्राधिकरणास आहे. साथरोग अधिनियमाने तो शासनास दिलेला आहे. वेशीवर आडव्या टाकलेल्या फांद्यांमागे यांपैकी कोणाचाही लेखी आदेश नव्हता. तरीही त्या फांद्यांकडे केवळ अडाणी भीती म्हणून पाहणे हे शहरी सोयीचे आकलन होईल. ज्या आदिवासी गावापासून ऑक्सिजनची खाट असलेले रुग्णालय तास-दोन तासांच्या अंतरावर होते, त्या गावाने आपल्यापुरती केलेली ती आरोग्यव्यवस्था होती.

पुढील साथीसाठीची तरतूद

महामारी पुन्हा येणार नाही असे गृहीत धरण्यास आधार नाही. ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूचा देशातील पहिला मृत्यू पुण्यातच नोंदला गेला होता, आणि त्यानंतर अकरा वर्षांत कोरोना आला. तेव्हा तालुका पातळीवरील नियमांचा विचार साथ नसतानाच होणे इष्ट. त्यासाठी आवश्यक असलेल्या बऱ्याच गोष्टी कायद्यात आजही नाहीत. २०२० च्या दुरुस्तीने साथरोग अधिनियमात आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी शिक्षेची तरतूद आली व केंद्राच्या तपासणीच्या अधिकारात जहाजांबरोबर बस, रेल्वे, विमान इत्यादींचा समावेश झाला. सद्भावनेने कृती करणाऱ्या अधिकाऱ्यास संरक्षण देणारे चौथे कलम १८९७ पासून आहेच. ज्याला थांबविले जाते त्याच्या हक्कांविषयी मात्र एकही कलम नाही.

याउलट आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम, २००५ मधील बत्तिसाव्या अनुच्छेदात प्रवाशांना प्रतिष्ठेने वागविण्याची, त्यांच्या लिंगभाव, संस्कृती व धर्माची जाणीव ठेवण्याची आणि विलगीकरणात अन्न, पाणी, निवारा पुरविण्याची जबाबदारी राष्ट्रांवर टाकलेली आहे. चाळिसाव्या अनुच्छेदाप्रमाणे अशा विलगीकरणाचा खर्च सर्वसाधारणपणे प्रवाशाकडून घ्यावयाचा नाही. प्रत्यक्षात मे २०२० मध्ये विदेशातून परतलेल्या भारतीयांना सात दिवसांचे संस्थात्मक विलगीकरण स्वखर्चाने करावे लागले, ही गोष्ट अलाहिदा. निदान कागदावर तरी तेथे एक मापदंड आहे. कल्याणहून माळशेज चढून ओतूरला आलेल्या माणसासाठी तेवढाही नाही.

या दोन तालुक्यांपुरते बोलावयाचे तर पूर्वतयारी अवघड नाही. प्रत्येक गणातील कोणत्या शाळांत पाणी, वीज व स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आहेत याची यादी पंचायत समितीजवळ सहज होऊ शकते. अवसरीचे अभियांत्रिकी महाविद्यालय, लेण्याद्री व ओझर या ठिकाणांचा कोरोनाकाळात रुग्णसेवेसाठी जो उपयोग झाला, त्याच्या नोंदी अभ्यासण्याजोग्या आहेत. वाशीच्या बाजारात ये-जा करणाऱ्या चालक-हमालांची नावे बाजार समित्यांकडे असतातच. मुंबईतील गावकरी मंडळांकडे आपापल्या गावच्या कुटुंबांच्या याद्या असतात. यात्रेच्या वर्गणीसाठी त्या दरवर्षी अद्ययावत केल्या जातात. तपासणी निघण्याच्या ठिकाणी करावयाची झाल्यास याहून उपयुक्त दस्तऐवज शासनाजवळ दुसरा नाही.

राहतो तो चौदा दिवसांच्या मजुरीचा प्रश्न. २०२० मध्ये शाळेत राहिलेल्या माणसाला त्या दिवसांचा रोज मिळाला नाही. डिंभ्याच्या वरच्या वाड्यांतील ज्या कुटुंबाचा उन्हाळा रोजगारावर निघतो, त्या कुटुंबातील माणूस पुढच्या वेळी महामार्गाच्या नाक्याने येऊन नाव नोंदवील की आहुप्याच्या वाटेने रात्री चढेल, हे बव्हंशी या एका तरतुदीवर अवलंबून राहील. रोजगार हमी योजनेचा कायदा या राज्याने १९७७ सालीच केलेला आहे. विलगीकरणाचे दिवस कामाचे दिवस म्हणून भरून द्यावयाचे झाल्यास त्यासाठी कोणत्या खात्याने, कोणत्या लेखाशीर्षाखाली व किती दराने तरतूद करावी, यावर जिल्हा परिषदेच्या पातळीवर चर्चा घडून आली पाहिजे.